कंपनी बदलली की फोन फुकट? जरा थांबा

‘नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा, नवा स्मार्टफोन फुकट घ्या’ असा मेसेज फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे. अशा योजनांत फोनची किंमत बहुधा 24 किंवा 36 हप्त्यांत तुमच्याच नावावर चढते, आणि कंपनी दर महिन्याच्या बिलात हप्त्याएवढी सूट देते. 36 पैकी 10 महिन्यांनी कंपनी सोडलीत, तर सूट थांबते आणि उरलेले 26 हप्ते सहसा एकरकमी अंगावर येतात. शिवाय सूट अनेकदा महागड्या प्लॅनवरच असते. मेसेजमध्ये हे कोण लिहिणार!

सध्याचा फोनही हप्त्यांवर असेल तर तो लॉक, म्हणजे जुन्या कंपनीपुरताच बांधलेला, असू शकतो. मग त्यात नवं सिम चालत नाही. आयफोनमध्ये ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘अबाउट’ उघडा. ‘कॅरियर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं तर फोन मोकळा आहे.

जुनं कनेक्शन मात्र आधी बंद करू नका. बंद केलेला नंबर सहसा पोर्ट होत नाही, आणि नंबरच आला नाही तर पोर्टिंगवरची सूटही मिळत नाही. पोर्टिंग पूर्ण झालं की जुनं सिम आपोआप बंद पडतं.