दहावीची सहल वेरूळला नेताना घ्यावयाची दक्षता

सर, बाई, आधी अभिनंदन. संस्थाचालकांनी सहलीला होकार दिला, एसटीची गाडी ठरली, पालकांची संमतिपत्रंही आली. आता अडचण एकच उरली. वेरूळच्या लेण्यांमध्ये बायका आहेत. बऱ्याच आहेत, आणि दहावीचा वर्ग येतोय हे त्यांना हजार-बाराशे वर्षांत कोणी कळवलेलं नाही.

गडबडून जाऊ नका. एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वरात, मकरावर उभी असलेली गंगा भेटेल. मुलांना मकर दाखवा. मकराबद्दल पाच मिनिटं आरामात बोलता येतं. गंगेला 'नदी' म्हणा आणि लगेच भूगोलात शिरा. कैलासात तर काम फारच सोपं आहे. 'हे लेणं आधी कळस मग पाया असं खोदलंय' हे वाक्य दर दोन मिनिटांनी म्हणत राहिलात, तर पोरांच्या माना वरच राहतात. मान वर असली की भिंतीवरचं फारसं काही दिसत नाही.

खरी दक्षता मात्र वेरूळला नाही, शाळेच्या वेळापत्रकात घ्यायची आहे. दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये मानवी प्रजननाचा पाठ आहे. तिथे अंडाशय, गर्भाशय, सगळ्यांची नावं छापलेली आहेत. पण ते अवयव कुणाचे, हे आकृतीवरून ओळखता येत नाही. डोकं नाही, हात नाहीत, पाय नाहीत. पोटाच्या आतलं तेवढं काढून पांढऱ्या कागदावर टांगलंय, त्यात बैलाचं तोंड दिसतं असं मागच्या बाकावरची मुलं म्हणतात. उलट इतिहासात आणि चित्रकलेत अख्खी बाई आहे, पण तिच्या एकाही अवयवाला नाव नाही. तिला फक्त 'लावण्य' असतं. ही फार शहाणी व्यवस्था आहे. एकीकडे नावं आहेत, देह नाही. दुसरीकडे देह आहे, नावं नाहीत. हे दोन तास एकाच दिवशी, आणि देव न करो, लागोपाठ येऊ देऊ नका. मध्ये पीटी ठेवा. विज्ञानाच्या बाईंना सहलीला नेऊच नका. त्यांना सवय असते बाणाने नावं दाखवायची.

(तो पाठ कसा घ्यायचा, हे सांगायला नको. 'हे घरी वाचून या, परीक्षेला चार मार्कांना येतं.' पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय.)

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या मुलांची काळजी नको. स्मरणचित्रातल्या बाजारात भाजी घेणारी बाई आपल्या मुलांना जन्मतःच येते: पाठमोरी, अंबाडा, आणि खाली नऊवारीचा त्रिकोण. त्रिकोणावर आजवर कुणी आक्षेप घेतलेला नाही.

सहलीतून धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जायचा बेत कुणी काढलाच, तर मात्र सावध राहा. तिथे लज्जागौरीच्या मूर्ती सापडलेल्या आहेत. बदामीच्या संग्रहालयातलीही प्रसिद्ध आहे. बाळंत होताना असावेत तसे पाय फाकलेले, सगळं उघडं, आणि डोक्याच्या जागी कमळ. शतकानुशतकं बायका हिची पूजा करत आल्या, मूल व्हावं म्हणून. लोक सांगतात, ती लाजली म्हणून डोकं गेलं. अभ्यासक तिला मातृदेवता म्हणतात, रा. चिं. ढेऱ्यांनी तर तिच्यावर पुस्तकच लिहिलं. तुम्ही त्यात पडू नका. पण मनातल्या मनात कबूल करा, की आदर्श विद्यार्थिनी म्हणतात ती हीच. देह आहे, पण प्रश्न विचारायला तोंडच नाही.

कायद्याची भीती वाटत असेल, तर ती सोडा. कायदा वेरूळच्या बाजूने आहे. दंड संहितेतल्या अश्लीलतेच्या जुन्या कलम 292 मध्ये सूट होती, आणि 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 294 मध्येही ती आहे: प्राचीन स्मारकावर, देवळावर किंवा देवाच्या रथावर कोरलेलं, रंगवलेलं असेल तर ते अश्लील नाही. प्राचीन म्हणजे किती? प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्याप्रमाणे किमान शंभर वर्षं. तेव्हा तुमच्या कलाशिक्षकांनी एखादं स्त्रीचित्र मनापासून काढलंच, तर ते गावच्या देवळाच्या भिंतीवर काढायला सांगा. गावकरी देवळाला हात लावू देत नसतील, तर मग शंभर वर्षं थांबायला सांगा.

नाहीतर काय होतं ते पाहा. चित्रकार अकबर पदमसी यांनी 1954 मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत स्त्री-पुरुषांची चित्रं लावली. पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर. पोलीस आले, खटला झाला, पदमसी सुटले. विषय संपला, असं तुम्हाला वाटेल. पुढे परदेशातून मुंबईत आणलेली त्यांची आणि दुसरे चित्रकार एफ. एन. सोझा यांची मिळून सात चित्रं कस्टम्सने अश्लील म्हणून अडवली. ती सोडवायला 2024 चा ऑक्टोबर उजाडला, आणि प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं हे उच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं. तोवर पदमसी वारले होते, सोझा तर कधीच. म्हणजे त्या चित्रांचंही वय हळूहळू शंभराकडे चाललंय. धीर धरावा.

शाळेच्या बाबतीत आपण इतका वेळ घेत नाही. 2007 मध्ये किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाच्या साहित्यावरून विधिमंडळात गदारोळ झाला. चित्रं फारच स्पष्ट आहेत, असं म्हणणं होतं. कार्यक्रमच थांबवला. एरवी कुठल्याही मुद्द्यावर एकत्र न येणारे आमदार तेव्हा कसे एका सुरात बोलले, हे नागरिकशास्त्राच्या तासाला अवश्य सांगा. चित्रं कसली होती, ते सांगू नका.

राहता राहिली प्रश्नपेटी. कुणीतरी उत्साही समुपदेशक येतो आणि व्हरांड्यात पेटी ठेवून जातो: 'नाव न लिहिता शंका विचारा.' पेटी राहू द्या, तपासणीला बरी दिसते. फक्त किल्ली हरवा. र. धों. कर्व्यांनी ती हरवली नाही. 1927 पासून 1953 पर्यंत, अगदी मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि वाचकांच्या शंकांना सरळ उत्तरं दिली. 1934 मध्ये त्या उत्तरांवरूनच खटला झाला. वकील कोण, तर खुद्द बाबासाहेब आंबेडकर. तरी दंड झालाच. तुमच्या संस्थेच्या वकिलाची फी आणि वकूब दोन्ही तुम्हाला ठाऊक आहेत.

आणि पेटी अगदीच भरून वाहू लागली, तर चिठ्ठ्या न वाचता रद्दीत घाला आणि पेटीला नवा कागद चिकटवा. स्नेहसंमेलनात देणगीसाठी लागतेच.