येणं लिहून ठेवा, देणं विसरून जा

तुमच्याकडे चार पैसे साठले आहेत आणि चाराचे चाळीस करायचे आहेत, तर आधी मनातली एक भीती काढून टाका. उद्या कोणी दारात येऊन उलटा हिशेब मागेल, ही. येणं आणि देणं एकाच चोपडीत लिहायची आपल्या लोकांची जुनी खोड सावकारीच्या या धंद्यात चालत नाही. येणं लिहावं, जपावं, नातवंडांपर्यंत न्यावं. देणं लिहूच नये. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. अमेरिकेतल्या मोठमोठ्या पेढ्यांनी दोनशे वर्षं घासूनपुसून तयार केलेलं शास्त्र आहे. मी नुसता वाढपी.

तारणापासून सुरुवात करू. आपल्याकडचा सावकार जमीन, दागिना, फार तर बैलजोडी गहाण घेतो. पण जमीन पुरात खरवडते, बैल म्हातारा होतो, पाटलीत लाख भरलेली निघते. लुइझियानातल्या सिटिझन्स बँक आणि कॅनाल बँक या दोन बँकांनी यावर नामी तोड काढली होती. माणूस तारण घ्यायचा. १८३१ ते १८६५ या काळात त्यांनी सुमारे १३,००० गुलाम तारण म्हणून घेतले. मळेवाल्याचं कर्ज बुडालं की तारण बँकेचं. अशी साधारण १,२५० माणसं बँकांच्या पदरात पडली. तारणाचे गुण तरी पाहा. आपल्या पायांनी चालतं, धन्याचं कर्ज फिटावं म्हणून शेतात राबतं, आणि त्याला पोर झालं तर तेही धन्याच्याच मालमत्तेत जमा. पाटलीला कधी पिल्लं झालेली ऐकलीत?

पुढे या दोन्ही बँका फिरत फिरत जेपी मॉर्गन चेसच्या पोटात गेल्या. २००५मध्ये त्या बँकेने माफी मागितली आणि लुइझियानातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी ५० लाख डॉलरची शिष्यवृत्ती जाहीर केली. मी भागाकार करून पाहिला. १३,००० डोकी धरली तर माणशी ३८५ डॉलरही पडत नाहीत, १४० वर्षांच्या व्याजासकट! माफी अशी मागावी, साजूक तुपातली, आणि मुद्दल पचल्यावर.

आता तुम्ही विचाराल, त्यांना कबूल करायची अवदसा आठवलीच कशी? ती चूक त्यांची एकट्यांची नाही. डेड्रिया फार्मर-पेलमन नावाच्या एक बाई कायदा शिकताना जुने कागद उकरू लागल्या, तेव्हा त्यांना एटना कंपनीच्या विमा पॉलिसी सापडल्या. विमा गुलामाच्या जिवाचा, पैसे धन्याला. एटनाला २०००मध्ये जाहीर खेद व्यक्त करावा लागला. मग शिकागो महापालिकेने २००२मध्ये नियमच केला की पालिकेचं काम हवं असेल तर कंपनीने आधी आपली जुनी दप्तरं चाळावीत आणि गुलामगिरीतून काही कमावलं होतं का ते सांगावं. जेपी मॉर्गनचं बिंग त्या चाळणीत फुटलं. आपल्या कचेऱ्यांनी जुनं दप्तर वाळवीच्या हवाली करायची जी रीत पाडली आहे, तिची तिकडे वेळीच दखल घेतली गेली असती तर हा प्रसंग आला नसता.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी एटना, फ्लीटबॉस्टन बँक आणि सीएसएक्स ही रेल्वे कंपनी, तिघांना कोर्टात खेचलं. फ्लीटबॉस्टनचं मूळ शोधत गेलं की १७९१ची प्रॉव्हिडन्स बँक लागते, आणि तिच्या संस्थापकांत जॉन ब्राउन हे गुलामांचे व्यापारी. (गुलामगिरीविरुद्ध लढून फाशी गेला तो जॉन ब्राउन वेगळा. हे घरच्या गादीवरचे.) अशा वेळी धोरण असं ठेवावं : जाहिरातीत परंपरा मिरवायची, आमच्या आजोबांनी तूप खाल्लं, हाताचा वास घेऊन बघा म्हणायचं. कोर्टात मात्र आजोबांना ओळख द्यायची नाही. शिकागोच्या कोर्टाने २००५मध्ये दावे फेटाळले. ज्यांच्यावर अन्याय झाला ते हयात नाहीत, जे हयात आहेत त्यांच्यावर तो थेट झाला नाही, शिवाय मुदत टळली. २००६मध्ये वरच्या कोर्टाने हा निकाल बहुतांशी कायम ठेवला. एक फट तेवढी ठेवली. कंपनीने आपला हा इतिहास गिऱ्हाइकापासून खोटं बोलून लपवला असेल, तर ती ग्राहकाची फसवणूक ठरू शकते. म्हणजे माणूस विकला तर मुदतबाह्य. माणूस कधी विकलाच नव्हता असं सांगून पॉलिसी विकली, तर बघू.

भरपाई हा शब्द ऐकून दचकू नका. भरपाई वाईट नाही, ती योग्य माणसाला द्यावी एवढंच. १८६२मध्ये वॉशिंग्टन शहरातले गुलाम मुक्त झाले तेव्हा सरकारने माणशी ३०० डॉलरपर्यंत भरपाई दिली. धन्यांना. ब्रिटनने १८३३च्या कायद्याने दोन कोटी पौंड दिले, तेही धन्यांना. सुटलेल्यांना मिळाली आणखी काही वर्षं बिनपगारी 'उमेदवारी', म्हणजे जुन्याच धन्याकडे राबणं. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश करदाते २०१५पर्यंत फेडत होते, आणि त्यात गुलामांचे पणतू-खापरपणतूही आले. खरेदी झाली पणज्याची, हप्ते भरले पणतूने. मॉरिशसच्या मळेवाल्यांनाही त्यातला वाटा मिळाला, आणि त्यांच्या उसाच्या फडात रत्नागिरीकडची आपली माणसं करारावर जाऊन पोहोचली. त्यांचे वंशज अजून तिथे गणपती बसवतात.

हैतीचं तर विचारू नका. फ्रान्सच्या या वसाहतीतल्या गुलामांनी स्वतः लढून स्वातंत्र्य घेतलं, म्हणून १८२५मध्ये फ्रान्सने आरमार पाठवून १५ कोटी फ्रँकचं बिल हातात ठेवलं. पहिला हप्ता भरायला कर्ज हवं, तेही पॅरिसच्याच बँकांकडून. रक्कम पुढे ९ कोटींवर आणली, तरी या कर्जांचा शेवटचा पैसा फिटायला १९४७ उजाडलं. २००३मध्ये हैतीचे अध्यक्ष अरिस्टीड यांनी फ्रान्सकडे ते पैसे परत मागितले, नेमके २१,६८५,१३५,५७१ डॉलर आणि ४८ सेंट. तुमच्यावर अशी वेळ आली तर मोठ्या आकड्याकडे बघूच नका, त्या ४८ सेंटना हसा. २००४च्या फेब्रुवारीत अरिस्टीड पदावरून गेले.

समजा, सुटलेल्या माणसाच्या हातात चार पैसे आलेच. तर ते आपल्याकडे ठेवायला लावा. १८६५मध्ये खास मुक्त गुलामांसाठी फ्रीडमन्स बँक निघाली. धुणीभांडी करणाऱ्या बायका, सैनिक, मजूर, सगळ्यांनी नाणं-नाणं आणून टाकलं. वरच्या मंडळींनी ते सट्टेबाजांना कर्जाऊ दिलं. बँक बुडायच्या बेतात आली तेव्हा स्वतः गुलामगिरीतून सुटलेले नामवंत नेते फ्रेडरिक डग्लस यांना आणून अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. त्या भल्या माणसाने स्वतःचे १०,००० डॉलर घातले. १८७४मध्ये बँक बंद पडली आणि ६१,००० ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. आदल्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं. आणि पुढच्या वर्षी, १८७५च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जखतं जाळली. तारखा शेजारीशेजारी लागल्या म्हणून सांगितलं, त्यातून भलता अर्थ काढू नका.

कोणी संघटना बांधायला लागलं तर? कॅली हाउस यांचं उदाहरण पाठ करा. टेनेसीत गुलामगिरीत जन्म, विधवा, पाच मुलं, नॅशव्हिलमध्ये लोकांचे कपडे धुऊन-शिवून पोट भरत होत्या. त्यांनी म्हाताऱ्या मुक्त गुलामांना निवृत्तिवेतन मिळावं म्हणून गावोगाव शाखा काढल्या. वर्गणी महिन्याला १० सेंट. त्यातून आजाऱ्याला औषध, मेलेल्याला मूठमाती. सरकारने युक्तिवाद असा केला : आम्ही यांना पेन्शन कधीच देणार नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे. सबब ते मागण्यासाठी लोकांकडून पैसे घेणं ही फसवणूक! १९१७मध्ये त्यांना टपालातून फसवणूक केल्याबद्दल तुरुंगात धाडलं. माझ्या वाचनात एवढा गोळीबंद युक्तिवाद दुसरा नाही. देणेकऱ्याने 'मी देणार नाही' एवढं जाहीर करावं की मागणारा आपोआप भामटा ठरतो.

आता तुमच्या खऱ्या कामाचा भाग, शिकागोचा. हा जरा सावकाश वाचा.

१९३४पासून अमेरिकन सरकार घरकर्जाला हमी देऊ लागलं, पण काळ्या वस्त्यांना वगळून. नकाशावर त्यांच्याभोवती लाल रंग. त्यामुळे काळ्या माणसाला सरळ कर्ज मिळेना, आणि जिथे सरळ कर्ज मिळत नाही तिथे तुमचा जन्म होतो. क्लाइड रॉस नावाचा माणूस मिसिसिपीतून शिकागोला आला आणि १९६१मध्ये त्याने लॉनडेल भागात २७,५०० डॉलरला घर घेतलं. विकणाऱ्याने तेच घर सहा महिन्यांपूर्वी १२,०००ला घेतलेलं. व्यवहार 'करारावर'. म्हणजे डागडुजी रॉसची, कर रॉसचा, गळकं छप्पर रॉसचं, पण शेवटचा हप्ता फिटेपर्यंत कागद विकणाऱ्याच्या नावे. एक हप्ता चुकला की माणूस बाहेर, भरलेलं सगळं बुडीत, आणि घर पुढच्या गिऱ्हाइकाला मोकळं. तेच घर तीनदा-चारदा विकता येतं. आंब्याचं झाडसुद्धा एवढ्या वेळा फळत नाही. ड्यूक विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासाप्रमाणे शिकागोच्या काळ्या कुटुंबांकडून १९५० आणि ६०च्या दशकांत या वाटेने तीन ते चार अब्ज डॉलर निघाले.

यात एकच धोका. लोकांनी एकमेकांना आकडे सांगता कामा नयेत. 'तुला केवढ्याला पडलं?' हा प्रश्न शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारला की संपलं. लॉनडेलमध्ये तेच झालं. घर घेणारे कितीला फसलो हे लाजेने वर्षानुवर्षं बायकोलाही नीट सांगत नव्हते, ते सभेत उठून सांगू लागले. १९६८मध्ये कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग, म्हणजे करारावर घर घेणाऱ्यांची संघटना, उभी राहिली आणि लोकांनी हप्ते देणंच बंद केलं. मग शेरीफची माणसं आली. कोच, गाद्या, स्वयंपाकाची भांडी, सगळं फूटपाथवर मांडलं, दाराला कुलूप घातलं. त्यांच्या गाड्या वळल्या न वळल्या तोच गल्लीतली माणसं पुढे आली. एकाने कोचाचं हे टोक धरलं, दुसऱ्याने ते, आणि सगळा संसार पुन्हा आत! तुम्हीच सांगा, जप्तीवाल्याने रोजंदारी लावायची तरी किती? कोर्टातला मोठा खटला लीग हरली, पण चारशेच्या वर करार बसून बदलून घ्यावे लागले. म्हणून गिऱ्हाईक निवडताना शेजार बघा. कोच उचलू लागणारा शेजार असेल तर धंदा दुसऱ्या गल्लीत थाटा.

पुढच्या पिढीने यात सुधारणा केली. कर्ज नाकारण्याऐवजी महागडं कर्ज घरपोच नेलं. बाल्टिमोर शहराने वेल्स फार्गोवर दावा लावला, त्यात बँकेच्याच माजी कर्मचाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आहेत. काळ्यांच्या चर्चमध्ये 'संपत्ती कशी वाढवावी' अशी शिबिरं घ्यायची, पाद्रीबुवांना पुढे बसवायचं, आणि समोर जमलेल्यांच्या गळ्यात चढ्या व्याजाचं कर्ज मारायचं. बँकेने आरोप नाकारले आणि २०१२मध्ये केंद्र सरकारशी १७ कोटी ५० लाख डॉलरवर तडजोड केली, त्यातच बाल्टिमोरचा दावाही मिटला. ही पद्धत टिपून ठेवा, आधी नाकारायचं आणि मग भरायचं.

भांडवल थोडं असेल तर पगारापर्यंतच्या कर्जाचं दुकान टाका. १०० डॉलर द्या, दोन आठवड्यांनी ११५ घ्या. पंधरा डॉलर कोणाला जड वाटतात? वर्षाचा दर मात्र ३९१ टक्के होतो. आपला गावचा दरमहा दहा टक्केवाला यापुढे संत वाटावा. सैनिकांना ३६ टक्क्यांच्या वर लावता येत नाही, असा २००६चा कायदा आहे. तेव्हा गणवेश उतरेपर्यंत धीर धरा.

बातमी वाईट एवढीच की शिकागोच्या इलिनॉय राज्यात २०२१च्या मार्चमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. काळ्या आमदारांच्या गटाने लावून धरलेला कायदा होऊन सगळ्यांनाच ३६ टक्क्यांची मर्यादा लागली. आणि शिकागोला खेटून असलेल्या इव्हॅन्स्टन गावाने भरपाई मंजूर केली, गांजाच्या विक्रीवरच्या करातून, घरांच्या बाबतीत १९१९ ते १९६९मध्ये जो भेदभाव झाला त्याबद्दल. माणशी २५,००० डॉलर. पैसे थोडे, हक्कदार म्हातारे फार. तेव्हा नंबरांचे चेंडू पिंजऱ्यात घालून फिरवले आणि पहिले सोळा जण काढले.

पण घाबरून दुकान बंद करू नका. ते २५,००० म्हाताऱ्यांच्या हातात दिले नव्हतेच. घराची दुरुस्ती, नवं घर किंवा गहाणखताचा हप्ता, एवढ्यासाठीच होते, आणि हप्ता असेल तर थेट बँकेत. २०२३मध्ये रोख देण्याची सोय झाली. होऊ द्या की. रोख घेऊन माणूस शेवटी जाणार कुठे?