पणजीचं वाघनख बाळाच्या गळ्यात घालू नका

आज दुपारी एक बारसं झालं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, कुर्रर्र झालं, आत्याच्या पाठीत धपाटे पडले, घुगऱ्या वाटल्या. सगळं छान. मग पणजीने पिशवीतून मखमलीची जुनी डबी काढली. आत वाघनखाचं लॉकेट. दोन नखं, बुडं सोन्याच्या टोपणात बसवलेली, टोकं एकमेकांकडे वळलेली, वर साखळी ओवायला कडी. दीड महिन्याचं बाळ आणि त्याच्या छातीएवढं ते लॉकेट. पंधरा जणांनी फोटो काढले आणि संध्याकाळपर्यंत निम्म्यांनी स्टेटसला लावलेसुद्धा.

तिथे बोललो नाही. भर समारंभात नव्वदीच्या बाईचा हात धरणं बरं दिसलं नसतं. पण आता लिहितोय आणि सगळं लिहिणार आहे.

"चार पिढ्यांचं आहे आमच्याकडे," हे वाक्य आज तीनदा ऐकलं. त्याने काहीही सिद्ध होत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तेव्हा ज्यांच्याकडे अशा वस्तू होत्या त्यांनी ३० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाला, म्हणजे राज्याच्या वनखात्यातल्या वन्यजीवांच्या प्रमुख अधिकाऱ्याला, कळवायचं होतं. बहुतेकांनी कळवलं नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये नवे नियम आले आणि राहून गेलेल्यांना आणखी १८० दिवस मिळाले. तेव्हा ज्यांनी नोंद केली, त्यांच्याकडे कलम ४२ खालचं मालकी प्रमाणपत्र असतं. ते नसेल, तर लॉकेट चार पिढ्यांचं असो की गेल्या दिवाळीत घेतलेलं, कायद्यापुढे दोन्ही एकच. आणि कलम ५७ नुसार ज्याच्या ताब्यात वस्तू सापडली, त्यानेच ती कायदेशीर असल्याचं सिद्ध करायचं असतं. वनखात्याने नव्हे. शिक्षा तीन ते सात वर्षं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. कर्नाटकात २०२३ मध्ये टीव्हीवरच्या कार्यक्रमातल्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखावरून अटक झाली. लोकांनी ते पडद्यावर पाहिलं होतं, एवढंच कारण पुरलं. आता आपापलं स्टेटस आठवा.

वारशाचा मुद्दा तर सगळेच चुकीचा समजतात. कलम ४०(२ए) म्हणतं, प्रमाणपत्र नसलेल्या माणसाने अशी वस्तू स्वीकारायची नाही, फक्त वारशाने आली तर अपवाद. वारसा म्हणजे माणूस गेल्यावर येतो तो. आणि तो आला की ९० दिवसांत कळवायचं असतं. पणजी समोर बसलेली आहे, तिने स्वतःच्या हाताने बाळाच्या गळ्यात घातलं, ती भेट झाली. म्हणजे ज्या एका फटीतून हे लॉकेट निसटू शकलं असतं, तीही आज पंधरा फोनांसमोर बंद केली.

कुणी म्हणेल, पणजोबांकडे शिकारीचा परवाना होता, भिंतीवर फोटोही आहे. १९५० साली परवाना काढून वाघ मारला असेल तर त्यांनी तेव्हा गुन्हा केला नाही, हे मान्य. पण परवाना म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. चौकशीत तो दाखवता येईल, इतकाच त्याचा उपयोग. जपून ठेवा.

आता कायदा बाजूला ठेवतो, कारण राग कायद्याचा नाहीये.

वाघाला नखं १८. पुढच्या दोन पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. एका लॉकेटला दोन. म्हणजे अख्खा वाघ मारला तर नऊ लॉकेटं. २०२२ च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत. उद्या सगळ्यांची सगळी नखं उपटली तरी चार लॉकेटं कमी चार हजार होतील. तुमच्या ओळखीत किती घरांत "अस्सल" वाघनख आहे ते मोजा आणि सांगा हा हिशोब बसतो का.

बसत नाही, कारण बाजारातली बहुतेक नखं नकली असतात. गाईम्हशींच्या खुरांपासून, शिंगांपासून घासून बनवलेली. लोक घरी काय करतात? कड मेणबत्तीवर धरतात, केस जळल्यासारखा वास आला की खूश. अहो, खूर, शिंग, नख, केस, सगळं केराटिनच. वास तोच येणार. फार तर प्लास्टिक नाही एवढं कळेल. खरं नख म्हणजे आतल्या हाडावर चढलेली पोकळ टोपी असते. ते दोन्ही बाजूंनी चपटं असतं, आतल्या वाकाला खोबण असते, बुडाशी पोकळी नाहीतर हाडाचा तुकडा. खुराचं नख भरीव असतं, रेषा सरळ एका दिशेने जातात, वाकावर कानशीच्या खुणा राहतात, त्या पॉलिशखाली लपवलेल्या असतात. गंमत अशी की बूड पाहिल्याशिवाय यातलं महत्त्वाचं काहीच दिसत नाही, आणि बुडावरच सोन्याचं टोपण असतं, आत लाख भरलेली. म्हणून सोनारसुद्धा वरून बघून सांगू शकत नाही. खात्री प्रयोगशाळेतच होते, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्राची सरकारी संशोधन संस्था, आणि तिथे नमुना वनखात्यामार्फतच जातो. स्वतः टोपण उचकटून बघू नका. कोरडं नख पापुद्र्यांनी सुटतं आणि उद्या तुम्हीच पुराव्याशी छेडछाड केली असं ठरतं.

"मग नकलीच असेल, जाऊ द्या ना!" असं आज एक काका म्हणाले. नाही जाऊ देणार. नकली घालणारा कुणाला "हे नकली आहे" असं सांगतो का? तो अभिमानाने अस्सलच म्हणतो. बघणाऱ्याला वाटतं आपल्या नातवालाही हवं. तो विचारायला जातो, एकाकडे खुराचं मिळतं, दुसऱ्याकडे जास्त पैशांत खरं मिळतं. ते खरं कुठून येतं, सांगतो.

विदर्भात रानडुकरांपासून पीक वाचवायला शेताच्या कुंपणात चोरून वीज सोडतात. वाघ तारेला लागतो. जिथे तो आधी दुसऱ्या कुणाच्या हाती लागतो तिथे पंजे कापलेले असतात, मिशा उपटलेल्या, सुळे काढलेले. म्हणून तर वाघ मेल्याची बातमी आली की शेवटी एक ओळ ठरलेली असते: नखे, दात व मिशा शाबूत आहेत. पंचनाम्यात एकेक पंजा उचलून, बोटं दाबून नख बाहेर काढून बघतात, कारण मांजरासारखी वाघाचीही नखं आत ओढलेली असतात. मग सगळ्या अवयवांसह तो वाघ जाळतात. का जाळतात? आपल्या गळ्यात येऊ नये म्हणून. पणजोबांचा वाघ कधीच मेला, त्याला आता काही होत नाही, खरंय. पण आजच्या त्या फोटोने जी हौस पंधरा घरांत गेली तिचं काय?

परदेशातल्या एका मित्राचं म्हणणं, तिकडे लोक आजीचे फरकोट घालतातच की. मिंक नावाच्या लहान केसाळ प्राण्याचा कोट बहुतेक वेळा पाळीव मिंकचा असतो, तो वाद वेगळा आहे आणि मला तोही पटत नाही. पण तिकडेही आजीचा बिबट्याच्या कातड्याचा कोट असेल तर तो विकताना, सीमेपार नेताना कागद लागतात, कारण १९७५ पासून साइटस हा वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार आहे. आणि हो, तुमच्यापैकी कुणी बाळाला घेऊन अमेरिकेला परत जाताना हे लॉकेट सामानात टाकणार असाल तर टाकू नका. भारतातून निघतानाच तो आणखी एक गुन्हा होतो.

कुणी शिवाजी महाराजांना मधे आणू नका. वाघनख हे हत्यार पोलादाचं. २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्यात आलेलं, ज्यासाठी आपण रांगा लावल्या, तेही पोलादाचंच आहे. त्यासाठी वाघ मारावा लागत नाही.

आता त्या पणजीबद्दल. ती डबी उघडताना तिचे हात थरथरत होते. तिच्या मुलाच्या गळ्यात हेच होतं, नातवाच्या गळ्यात हेच. बाळ दगावू नये म्हणून जे जे करतात ते तिने केलं. त्या काळी बाळं दगावायचीही. तिच्यावर मला रागावता येत नाही, खरंच येत नाही. राग आहे तो शिकलेल्या, कायदा माहीत असलेल्या आणि फोटो काढून मोकळ्या झालेल्या आम्हा सगळ्यांवर. तिला दृष्टच काढायची आहे ना? गालाला तीट आहे, मनगट्या आहेत, दृष्टमणी आहे, बजरबट्टू आहे. शिवाय नखाचं टोक टोचतं. बाळ पालथं पडायला लागलं की ते नेमकं गळ्याखाली येतं, आणि जुनी लाख सुटली की टोपणासकट नख हातात येतं आणि तिथून तोंडात.

ज्यांच्या घरी आहे त्यांनी काय करायचं, ते लिहितो. आज रात्री गळ्यातून काढा. विकू नका, मोडीत देऊ नका, सोनाराकडे पॉलिशला नेऊ नका, नदीत सोडू नका, कारण कलम ३९ नुसार अशी वस्तू सरकारी मालमत्ता ठरते आणि ती नष्ट करणं हाही गुन्हाच. मागचा-पुढचा-बुडाचा असे तीन फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा, वजन लिहा. घरातल्या जुन्या ट्रंका बघा, १९७२ किंवा २००३ चं काही कागद सापडतं का. प्रमाणपत्र सापडलं तर कलम ४२ए खाली मुख्य वन्यजीव रक्षकांना कामाच्या सात दिवसांची सूचना देऊन वस्तू परत करता येते. मोबदला मिळत नाही. प्रमाणपत्र नसेल तर आधी वकिलाशी बोला, मग जवळच्या उपवनसंरक्षक कार्यालयात लेखी अर्ज करा: वस्तू कुणाची, घरात कधीपासून, कशी आली, आणि स्वतःहून जमा करत आहोत. अर्जाची पोच घ्या, पंचनाम्याची प्रत घ्या. आपोआप माफी मिळेल असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, हे खोटं सांगणार नाही. लोक घाबरतात ते उगाच नाही. पण स्वतः चालत जाऊन दिलेलं आणि धाड पडून सापडलेलं यात फरक पडतोच.

आणि ते स्टेटस आधी काढा. बाळाचा चेहरा दिसतोय त्यात.

अर्जाचा मसुदा हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये या. पणजीला समजवायला सोबत हवी असेल तरी येईन, रविवारी मोकळा आहे.