‘रस्त्यावरचं कुत्रं’, तुमचा लॅब्रेडॉर आणि तो फोटो: एका काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि खरं सांगते, आधी चिडले. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली, त्याने ‘जाऊ दे गं’ म्हटलं. काल भांडुपहून लोकलमध्ये चढल्यावर पुन्हा वाचली, तेव्हा त्यातलं निम्मं पटलं. म्हणून हे उत्तर जरा लांबलंय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: घरात लहान मूल असेल तर पिल्लू विकत आणू नका, स्वभाव कळलेला मोठा कुत्रा दत्तक घ्या, असं मी लिहिलं होतं. आम्ही तशीच तीन वर्षांची देशी कुत्री आणली, खारी. (रंग बेकरीतल्या खारीचा, म्हणून.) त्यावर काकांनी लिहिलं, ‘दीड वर्षाच्या पोरीशेजारी रस्त्यावरचं कुत्रं झोपवणं याला भूतदया नाही, बेजबाबदारपणा म्हणतात. कुठल्या रक्ताचं आहे कोणाला ठाऊक. लॅब घ्यायचा. मुलांची माया त्याच्या रक्तातच असते. सगळं गोड गोड लिहून लोकांची दिशाभूल करू नका.’ आणि शेवटी, ‘आमचा नऊ वर्षांचा आहे, आजवर कोणावर गुरगुरला नाही. हल्ली उठताना जरा लंगडतो एवढंच. दिवाळीत सव्वा वर्षाची नात येतेय पुण्याहून, तिला त्याच्याजवळ बिनधास्त सोडणार आहोत.’

त्या शेवटच्या ओळीकडे शेवटी येते. आधी जे तुमचं बरोबर आहे ते.

लेखासोबतचा तो फोटो चुकलाच. लेक खारीच्या पोटावर डोकं ठेवून पडलीय आणि खाली मी बदामाची इमोजी टाकलीय. तुम्ही बोललात म्हणून मोठा करून पाहिला. खारीचे कान मागे चिकटलेले, तोंड घट्ट मिटलेलं, जिभेचं टोक नाकाला लागलेलं आणि डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसतेय. कुत्र्याच्या भाषेत याचा अर्थ ‘मला हे नकोय, पण सहन करतेय’. हे सगळं मला ठाऊक असून फोटो काढताना दिसलं नाही, कारण मी लेकीकडे बघत होते. फोटो काल काढून टाकला. पण काका, खारीच्या जागी तुमचा लॅब असता तरी तो फोटो तेवढाच वाईट होता, इथेच आपलं जमत नाही.

गोड गोड लिहिल्याचा आरोपही मान्य. एक प्रसंग मी लेखात गाळला होता. खारी येऊन दुसरा महिना चालू होता. ती गॅलरीच्या दाराशी दहीभात खात होती आणि लेक हातातलं मारी बिस्किट तिच्या ताटलीत टाकायला निघाली. भलं करायलाच निघाली होती बिचारी. खारीचं खाणं थांबलं. मान ताटलीतच, पण अंग लाकडासारखं. मग घशातून एक बारीक घरघर, स्वयंपाकघरात मिक्सर चालू असता तर मला ऐकूही आली नसती. मी धावले, लेकीला उचललं आणि खारीवर एवढी ओरडले की ती सोफ्याखाली गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. मला वाटलं, छान, शिस्त लावली.

लसीला गेलो तेव्हा डॉक्टरांना हे जरा अभिमानानेच सांगितलं. ते म्हणाले, ‘लोकलचा भोंगा काढून टाकलात तर रूळ ओलांडणाऱ्याचं काय होईल?’ गुरगुरणं हा भोंगा. त्याला ओरडा बसला की कुत्रं गुरगुरायचं सोडतं, चावायचं सोडेलच असं नाही. त्या दिवसापासून तिची ताटली गॅलरीत, मध्ये बाळांसाठी मिळतं ते जाळीचं गेट, आणि खारी जेवत असताना लेक अलीकडे. मी आंघोळीला गेले तरी गेट लागतं. हे लेखात लिहायला हवं होतं. भीती वाटली की लोक म्हणतील, बघा, गावठी शेवटी गावठीच.

आता रक्ताविषयी.

२०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात अमेरिकेतल्या पाळीव कुत्र्यांचा एक मोठा अभ्यास आला. १८,००० हून जास्त कुत्र्यांच्या मालकांना त्यांच्या वागण्याबद्दल विचारलं होतं आणि २,००० हून जास्त कुत्र्यांची जनुकंही तपासली होती. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीवरून उलगडतो तो जेमतेम ९ टक्के. सांगितलेलं ऐकणं यात जातीचा थोडा हात दिसला. पण भीतीदायक किंवा नकोशा गोष्टीने कुत्रं किती चटकन बिथरतं, हे जातीवरून जवळपास सांगताच आलं नाही. आणि दोन वर्षांखालच्या पोराच्या घरात प्रश्न असतो तो हाच. पोर किंचाळणार, शेपटी धरणार, तोल जाऊन अंगावर पडणार. त्या क्षणी कुत्रं काय करतं, ते वंशावळीच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

जातीला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाहीये. आकार, केस, दम, उष्णता सोसणं, हे सगळं जातीतून येतं. हच कंपनीच्या जाहिरातीमुळे घरोघरी आलेला पग चपट्या नाकाचा, मे महिन्यात धापा टाकून टाकून बेजार होतो. मुंबईत हस्की पाळणाऱ्यांना तर एसीचं बिल भरता येतं का एवढंच विचारावं. लॅब पाण्यातून शिकार उचलून आणणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला. त्याला पळायला लागतं, तोंडात काहीतरी धरायला लागतं.

माझ्या मावसबहिणीने पोरगा चौदा महिन्यांचा असताना ४५ दिवसांचं लॅबचं पिल्लू आणलं होतं. तुम्हाला कल्पना असेल, ‘४५ डेज ओल्ड’ ही आपल्याकडची ठरलेली जाहिरात. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही, म्हणजे ५६ दिवस. मधले ते दिवस उगाच नाहीत. चावताना किती जोर लावायचा, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं; जास्त लागलं की समोरचा किंचाळून खेळ सोडतो. ही शाळा अर्धवट सुटलेलं पिल्लू सुयांसारख्या दुधाच्या दातांनी मग आपल्या पोरांवर शिकतं. मावसबहिणीच्या मुलाच्या पिंढऱ्यांवर कायम ओरखडे. दात पडून नवे येईपर्यंत सहा महिने गेले. मग पिल्लू एकदम आडदांड झालं. आनंदाने शेपटी हलवली तरी पोरगा आडवा. त्यात काडीचा दुष्टपणा नव्हता, गोड कुत्रा होता तो. पण दोघं नवराबायको सकाळी आठला घराबाहेर, आणि त्याला खाली फिरवायचं काम सासूबाईंकडे. गुडघ्यांना पट्टे बांधलेली बासष्ट वर्षांची बाई आणि तिला जिन्यावरून ओढत नेणारा २८ किलोचा लॅब. एकदा त्या पडल्या. दीड वर्षाचा असताना त्याला कर्जतच्या एका फार्महाउसवर ‘पाठवला’. पुढे काय झालं, घरात कोणी विचारत नाही.

म्हणून माझं मत, आवडो न आवडो: आजीच्या जिवावर कुत्रा आणू नये. पोर तिच्याच अंगावर, डबे तिच्याच अंगावर, त्यात हे तिसरं. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला खाली नेणारा धडधाकट माणूस नाही, त्या घराने पोर शाळेत जाईपर्यंत थांबावं. लॅब नको आणि खारीही नको.

खारी आम्ही रस्त्यावरून उचलून थेट पोरीशेजारी झोपवली, असं तुम्हाला वाटलं, तो माझ्या लिहिण्याचा दोष. ती मुलुंडच्या एका बाईंकडे होती. कुत्र्यांना कायमचं घर मिळेपर्यंत त्या स्वतःच्या घरी सांभाळतात. खारी पाच महिने तिथे, त्यांच्या चार वर्षांच्या मुलासोबत. नसबंदी झालेली, लसीचं पुस्तक पूर्ण. आम्ही चार वेळा गेलो, त्यातल्या तीन वेळा लेकीला घेऊन. पहिल्या भेटीत ती शेपटी हलवत आली, त्याला मी महत्त्व दिलं नाही. पाहुण्यांपुढे सगळेच गोड असतात. महत्त्वाचं घडलं तिसऱ्या भेटीत. लेकीच्या हातून स्टीलची वाटी फरशीवर पडली. तो आवाज कसा घुमतो तुम्हाला माहीतच आहे. खारी दचकली, दोन पावलं मागे गेली, कान पाडले. मी मनात आकडे मोजत होते. सहाला ती पुढे आली, वाटी हुंगली, लेकीचा हात हुंगला आणि जाऊन आपल्या गोणपाटावर बसली. दचकणार तर कुठलंही कुत्रं. किती लवकर सावरतं आणि नको वाटलं तर चावा न घेता बाजूला जातं का, ते मला बघायचं होतं. दीड महिन्याच्या पिल्लात हे कोणाला दिसणार?

रस्त्यावरच्या कुत्र्याबद्दलची रेबीजची भीती खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ सगळा कुत्र्यांकडूनच येतो आणि लक्षणं दिसली की वाचणं जवळपास अशक्य. पण लस टोचलेली देशी कुत्री आणि लस न टोचलेलं महागडं पिल्लू यांत मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. आणि घरच्या कुत्र्याने ओरखडा काढला, रक्त आलं, तरी साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. हळद नाही, चुना नाही. मुंबईच्या पावसात लेप्टोची, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, लसही तितकीच महत्त्वाची. तुंबलेल्या पाण्यातून फिरून आलेले पाय आपण फरशीवर पुसतो आणि त्याच फरशीवर आपलं पोर रांगतं. जंताचं औषध, गोचीड बघणं, पालिकेचा परवाना, हे सगळं आलंच. सोसायटीच्या नोटिशीबद्दल वेगळं लिहीन, त्यावर माझं फार रक्त आटलंय.

आता तुमची ती शेवटची ओळ.

काका, उठताना लंगडतो, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. लॅबच्या खुब्याचं दुखणं प्रसिद्ध आहे, त्यात वय नऊ. कुत्री दुखणं लपवतात. आजवर गुरगुरला नाही तो कुत्रा वेगळा होता, त्याची कंबर दुखत नव्हती. आता सव्वा वर्षाची पोर, नुकतं चालायला लागलेली, आधाराला त्याच्याच पाठीवर धपकन हात टेकेल. नऊ वर्षं ज्याने ओठ वर केला नाही, तो त्या एका कळेसरशी मान वळवेल. आणि त्या उंचीच्या पोराचा चेहरा नेमका त्याच्या तोंडापाशी असतो. वर दिवाळी. फटाक्यांनी आधीच भेदरलेला असेल.

तुमच्या दादरहून परळचं बैलघोडा हॉस्पिटल, प्राण्यांचा मोठा दवाखाना, कितीसं लांब? दिवाळीआधी त्याला तिथे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे दाखवा, खुब्याचा एक्स-रे काढायला सांगा. तोवर आपली गुडघेदुखीची गोळी अर्धी करून त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना बाधतं. त्याचं अंथरूण पॅसेजमध्ये असेल तर नात यायच्या आधीच, निदान दोन आठवडे, आतल्या खोलीत न्या. नाहीतर त्याला वाटेल ही आली आणि माझी जागा गेली. खाली जुनी सतरंजी घाला, गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय सरकत असतील.

आमच्याकडे एक जाळीचं गेट जास्तीचं पडून आहे. स्क्रू लागत नाहीत, दाराच्या चौकटीत दाबून बसतं, भाड्याच्या घरातही चालतं. तुमच्या दाराची रुंदी तेवढी कळवा, ७५ सेंटीमीटरपर्यंत असेल तर बसेल. मी रोज दादरला गाडी बदलते. पुलावर आणून देईन.