खुलासा: गेटची वेळ म्हणजे नदीत उतरण्याची वेळ नव्हे

‘धरणाचं गेट १० वाजता उघडतं, १०ला बोट पाण्यात टाका’ असा मेसेज फिरतोय. ती वेळ धरणापाशी लागू. लोंढा ताशी ५ किमीने आला, तरी १० किमी खाली २ तासांनी पोहोचतो. पात्र कोरडं असेल तर आणखी उशिरा, कारण वाटेतले डोह आधी भरतात. काठच्या दगडावर पाण्याच्या रेषेशी खूण करा, पातळी चढून स्थिरावली की निघा. लोंढ्याच्या तोंडाशी ओंडके असतात, ती घाई नकोच.

‘गेट मिटलं तरी आपण पाण्याबरोबर पुढे जातो’ हेही चूक. पातळीतली घट पाण्यापेक्षा वेगाने खाली सरकते. रेंगाळलात तर बोट खडकांत अडकते आणि ढकलायला उतरल्यावर पाय कपारीत गुंततो. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर उभं राहूच नका.