आगीनंतर किती उरतं, ते सांगा

आज दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकतो, नाहीतर झोप लागायची नाही.

एका सादरीकरणाला गेलो होतो. विषय नॅनो सिमेंट, म्हणजे नॅनोसिलिकाची (सिलिकाची अतिसूक्ष्म पूड) भर घातलेलं सिमेंट. सादर करणाऱ्या मुलाने पडद्यावर व्हिडिओ लावला. काँक्रीटची एक फरशी, तिच्यावर मिनिटभर गॅस बर्नरची ज्योत, आणि मग मागच्या बाजूला हात टेकवून तो माणूस म्हणतो, "बघा, गार आहे. फायरप्रूफ!" टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्यानेही वाजवल्या, आणि तो वीस वर्षं साईटवर काढलेला इंजिनिअर आहे. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

अहो, कुठल्याही साध्या काँक्रीटची फरशी घ्या, मिनिटभराच्या ज्योतीने ती मागून गारच राहणार. काँक्रीटमधून उष्णता सरकतेच हळू. त्यात नॅनोचं काय कर्तृत्व? प्रमाणित अग्निचाचणीत भट्टी अर्ध्या तासात ८४० अंशांच्या आसपास जाते आणि तासाभरात ९४५ अंशांना पोचते. आणि आग विझली म्हणजे प्रश्न संपला असंही नसतं. हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

नोकरीचं पहिलं वर्ष. एका इमारतीच्या तळघरातलं पार्किंग जळालं होतं. दुसऱ्या दिवशी सरांबरोबर पाहणीला गेलो. गिलावा गळून पडलेला, सगळीकडे काजळी, पण कॉलम सरळ उभे. सरांनी हातोडीने एक कोपरा फोडला. आतलं काँक्रीट गुलाबीसर. "तीनशे अंशांच्या वर गेलंय," रंग बघून एवढंच म्हणाले. बाहेर रहिवासी पिशव्या घेऊन बसले होते. एका आजींनी माझा हात धरला. "बाळा, वर जाऊ का रे? औषधं राहिलीत." मी सरांना म्हटलं, कॉलम तर ठणठणीत दिसतायत, जाऊ द्या ना दहा मिनिटं. ते म्हणाले, नाही. मला त्यांचा इतका राग आला होता की परतताना गाडीत मी एक शब्द बोललो नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा गेलो. त्याच कॉलमच्या कडेवर मी अंगठा फिरवला आणि भुगा झाला. भुगा! मधल्या काळात त्याला कोणी हातही लावला नव्हता.

झालं होतं ते असं. सिमेंट पाण्याशी मिळतं तेव्हा दोन मुख्य गोष्टी तयार होतात. एक तो चिकट जेल, जो खडी-वाळूला धरून ठेवतो. दुसरा विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. घट्ट झालेल्या सिमेंटचा साधारण पाचवा हिस्सा हा चुनाच असतो, आणि तो ताकदीत फारशी भर घालत नाही. चारशे-पाचशे अंशांच्या दरम्यान त्यातलं पाणी उडतं आणि कळीचा चुना उरतो. आग विझते, सगळं थंड होतं, आणि हा कळीचा चुना हवेतला ओलावा पिऊन पुन्हा विरायला लागतो. विरताना फुगतो. फुगताना आतून भेगा पाडतो. आगीतून वाचलेला कॉलम नंतर शांतपणे उभ्या उभ्या खचत जातो. सरांना हे ठाऊक होतं, मला नव्हतं.

म्हणूनच नॅनोसिलिका या पदार्थाबद्दल मला मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच त्याचा असा तमाशा झालेला बघवत नाही. सिमेंटचा कण मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजायचा, नॅनोसिलिकाचा त्याच्या शंभराव्या ते हजाराव्या हिश्श्याचा. हे कण दोन कामं करतात. जेल धरायला बी पुरवतात, त्यामुळे काँक्रीट लवकर आणि दाट बसतं. आणि तो नको असलेला चुना खाऊन त्याचाही जेल करतात. म्हणजे आगीत ज्याने घात केला असता, तोच आधी बांधणीच्या कामाला लावला जातो. सिमेंटच्या वजनाच्या एक ते तीन टक्क्यांत हे साधतं. किती सुंदर गोष्ट आहे ही! ही सांगायची सोडून बर्नर कसला दाखवता?

आता दुसरी बाजू. ती तर कोणी उच्चारलीही नाही. काँक्रीट जितकं दाट, तितकी आतल्या वाफेला बाहेर पडायची वाट कमी. तापमान झपाट्याने चढलं की वाफेचा दाब आणि तापलेल्या पृष्ठभागावरचा ताण मिळून वरचा थर स्फोटासारखा उडवतात. सळई उघडी पडते, आणि ५५०-६०० अंशांच्या आसपास साध्या पोलादाची ताकद निम्म्यावर येते. १९९६ साली चॅनल टनेलमध्ये, म्हणजे इंग्लंड-फ्रान्समधल्या समुद्राखालच्या रेल्वे बोगद्यात, आग लागली तेव्हा उच्च ताकदीच्या काँक्रीटचं अस्तर काही ठिकाणी बहुतेक सगळं सोलून निघालं होतं. ताकद कमी नव्हती त्याची! म्हणजे काँक्रीटचा नमुना ठोकळा (क्यूब) २८ दिवसांनी यंत्रात दाबून आलेला ताकदीचा आकडा आगीबद्दल काहीही हमी देत नाही. उलट त्या आकड्याच्या मागे लागून दाट, आणखी दाट करत गेलात तर धोका वाढवून ठेवाल.

उपाय आहे, आणि तो साधा आहे. पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतू मिसळायचे. १६० ते १७० अंशांना ते वितळतात आणि वाफेला वाट करून देतात. नॅनोसिलिका आणि तंतू एकत्र द्या, मी स्वतः शिफारस करीन. पण सादरीकरणात तंतूंचा शब्द नाही, क्युरिंगचा (काँक्रीट ओलं ठेवून मुरवण्याचा) नाही, कण गुठळ्या न होता पसरवायचे कसे याचाही नाही. कोरडी पावडर मिक्सरमध्ये ओतली की तिच्या गुठळ्या होतात, पाणी जास्त लागतं, आणि गुठळी म्हणजे काँक्रीटमध्ये आपण हाताने पेरलेली कमजोर जागा. शिवाय पोतं फोडणाऱ्या मजुराच्या छातीत ती धूळ जाते त्याचं काय? पाण्यात कालवलेली आणा, त्याला मास्क द्या. हेही सांगायला लागावं?

मान्य, नव्या वस्तूला बाजारात उभं राहायला थोडा गाजावाजा लागतो. आणि तो मुलगा लबाड वाटला नाही. त्याला दिलेल्या स्लाइड त्याने वाचल्या. त्याच्यावरचा राग हे लिहिता लिहिता निवळलाय.

शेवटी मी उठून विचारलं, "पाचशे-सहाशे अंशांना तापवून, थंड करून, महिनाभर हवेत ठेवून मग क्यूब दाबलात का? किती ताकद उरली?" तो गोंधळला. म्हणाला, "सर, विचारून मेल करतो." मला एकदम पहिल्या वर्षातला मी दिसलो, ठणठणीत कॉलम दाखवणारा. त्या आजींना मी वर सोडलं असतं.

तुमच्यापैकी ज्यांच्या कॉलेजात भट्टी आणि दाबयंत्र दोन्ही आहेत त्यांनी मला कळवा. मी त्या मुलाकडून नमुना मागून घेतो. तीन मिश्रणं करू: साधं, नॅनोसिलिकाचं, आणि नॅनोसिलिका अधिक तंतूंचं. तापवून झाल्यावर निम्मे क्यूब लगेच दाबू आणि निम्मे महिनाभर तसेच उघड्यावर ठेवू. आकडे येतील ते इथेच टाकतो, त्याच्या बाजूचे आले तरी.