लठ्ठपणा हा केवळ सुबत्तेचा आजार नव्हे
लठ्ठपणाला अनेकदा सरसकट ‘सुबत्तेचा आजार’ म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. गरीब देशांत वजन आधी सधन वर्गाचे वाढते. पण देशाचे उत्पन्न जसजसे वाढते, तसतसा हा भार गरिबांकडे, आणि त्यातही आधी स्त्रियांकडे, सरकत जातो. हृदयविकार, मधुमेह यांसारख्या असंसर्गजन्य (संसर्गाने न पसरणाऱ्या) आजारांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू आज अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. दोन पाळ्या करून रात्री उशिरा घरी परतणाऱ्या बाईच्या हाताशी ना वेळ असतो ना पैसा; पोट भरेल असे सर्वांत स्वस्त, म्हणजे बहुधा साखर आणि तेलाने भरलेले अन्नच तिला परवडते, तेव्हा तिला मनोनिग्रहाचे धडे देणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय प्रश्न केवळ अन्नाचा नाही, समाजातल्या खालच्या स्थानाचाही आहे. ब्रिटनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सरकारी नोकरांचा हुद्दा जितका खालचा, तितके हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. धूम्रपान, रक्तदाब आदी बाबी हिशेबात घेऊनही ही तफावत पुरती मिटली नाही, आणि हे सारे तर नियमित पगार मिळवणारे पुरुष होते.